चाळीस हजार बाकी

कळमन्याच्या अडतीत सव्वीस वर्षं मी वही लिहिते.
आता कॉम्प्युटर आहे, तरी लाल कापडाची एक वही
शेठच्या गल्ल्याखाली असतेच,
आणि तिच्यात जशोरचा मोफज्जल मिया
अकरा लाख चाळीस हजार देणं लागतो.

'लागतो' हा शब्द बघा.
मामा लागतो, मेहुणा लागतो, देणंही लागतो.
मराठीला फरक करावासा वाटला नाही.

त्याला मी पाहिलेलं नाही. खोकला ओळखते.
फोनवर विचारतो, 'दीदी, काटोल में बारिश कैसा?'
मी विचारते, मुलीचं लग्न ठरलं का.
माया वगैरे नाही ही, गैरसमज नको.
लग्नात पैसा गेला तर आमचा हप्ता लांबतो,
काटोलात गार पडली तर त्याचं दुकान रिकामं.
घरमालक भाडेकरूची तब्येत विचारतो ना,
तसं.

मार्चात सीमा बंद झाली.
मृगाचा माल, आमचे चार ट्रक, पेट्रापोलला उभे.
कोण काय बोललं, कोणी कोणाचा झेंडा जाळला,
टीव्हीवर लाल पट्टी दिवसभर पळत होती.
नवव्या दिवशी ड्रायव्हर शालिक उईकेचा फोन:
'बाई, वास सुटला. गोड वास.
माशा आल्या, इकडच्या बी अन् तिकडच्या बी.'

त्याच आठवड्यात माझ्या नणंदेचा नवरा
ओव्हरटाइम लागला म्हणून पेढे घेऊन आला.
डिफेन्सला आहे, वाडीच्या पुढे, झाडांच्या आत,
तोफगोळ्यांची कवचं घडवतात तिथे.
चांगला माणूस. रक्तदाबाची गोळी विसरला
की माझ्याकडूनच मागतो.
त्याचा पोरगा पराग संत्र्याची फोड तोंडात टाकत म्हणाला,
'एकदाचं संपवून टाकलं पाहिजे यांना.'
'संपव बाप्पा,' मी म्हटलं,
'पण अकरा लाख चाळीस हजार
कोणाच्या नावावर टाकू, तेवढं सांगून जा.'
सगळे हसले.
मी विनोद केला नव्हता.

माझे वडील गोळीबार चौकात माग चालवायचे.
म्हणायचे, शेजाऱ्याचं थोडं घेऊन ठेवावं,
थोडं त्याला देऊन ठेवावं.
सगळं फिटलं की माणूस मोकळा होतो,
आणि मोकळा माणूस काहीही करतो.

पण इतवारीतले डेकाटे बंधूही आठवतात.
दुकान एक, गल्ला एक, तराजू एक,
तरी एका दसऱ्याला मधोमध भिंत घातली.
एक पारडं इकडे राहिलं, एक तिकडे.
बुडणार हे दोघांनाही ठाऊक होतं.
बुडाले.
म्हणून मी हिशेबाची शपथ घेत नाही.
हिशेब हात धरतो फार तर,
झटकायचाच असेल तर हात झटकता येतो.
पण झटकण्याआधी एक क्षण जातो,
बोटं मोजण्यात.
त्या क्षणावर माझा पगार चालतो.

सोळाव्या दिवशी फाटक उघडलं.
तीन ट्रक तिथेच खड्ड्यात रिचवले,
चौथ्यातलं निवडून निवडून
निम्मं पलीकडे गेलं.
नुकसान किती कोणाचं, यावर मोफज्जल आणि शेठ
दोन तास भांडले. पूर्ण आवाजात, आईबापावर न जाता.
असं भांडण मी टीव्हीवर कधी पाहिलं नाही.

जूनमध्ये त्याचे अकरा लाख आले.
'चालीस हजार, दीदी, आंबिया के टाइम.'
शेठ म्हणाला, तगादा लाव.
हो म्हटलं.

खातं मिटलं की खाली दोन रेघा मारतात.
पट्टी काढली होती मी, ठेवूनही दिली.
पान उलटलं,
आणि चाळीस हजार पुढे ओढले.